वाळवंटी चाचणी क्षेत्रांतील जुनी लष्करी विमाने : सुटका व जीर्णोद्धार

सेवेतून काढलेली लष्करी विमाने वाळवंटातील चाचणी क्षेत्रांत नेऊन उभी करायची, त्यांच्यावर नवी रॉकेटे, क्षेपणास्त्रे व बॉम्ब आजमावायचे आणि काम संपले की सांगाडे तिथेच सोडून द्यायचे, अशी रीत दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पडली. अशा सांगाड्यांपैकी मोजके पुढे शोधून, बाहेर काढून पुन्हा उभे केले गेले. प्रस्तुत नोंद त्या कामाविषयी आहे. त्यातले सर्वांत महत्त्वाचे ठिकाण म्हणजे कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटातले चायना लेक. 1943 साली अमेरिकी नौदलाने रॉकेटांच्या चाचणीसाठी हे केंद्र उघडले आणि साइडवाइंडर क्षेपणास्त्र पुढे इथेच घडले. जेट विमाने आल्यावर चार इंजिनांची बोइंग बी-29 सुपरफोर्ट्रेस ही बॉम्बफेकी विमाने मागे पडली आणि 1950 च्या दशकात त्यांतली अनेक इथे लक्ष्य म्हणून आणली गेली. वाळवंटातल्या कोरड्या हवेने ही विमाने राखली, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. हवेने गंज रोखला. पण विमाने टिकली ती चाचणी क्षेत्राभोवतीच्या कुंपणामुळे. ज्या जागी त्यांना नष्ट करायचे ठरले होते, तीच जागा त्यांना भंगारवाल्यापासून आणि हौशी लुटारूंपासून दूर ठेवत होती.

याला पुरावा ॲरिझोनातील किंगमनचा. तिथली हवाही तितकीच कोरडी. महायुद्ध संपताच पाच हजारांहून अधिक विमाने तिथे आणून रांगांनी उभी करण्यात आली. त्यांतली कित्येक कारखान्यातून थेट आलेली, जवळजवळ कोरी होती. सरकारने ती विकली, ठेकेदाराने भट्ट्या लावल्या आणि 1948 पर्यंत बहुतेक सारी वितळवून ॲल्युमिनियमच्या विटा झाल्या. हवेने त्यांचे काहीच बिघडवले नव्हते. लिबियाच्या वाळवंटातले उदाहरण याहून बोलके आहे. एप्रिल 1943 मध्ये ‘लेडी बी गुड’ हे बी-24 लिबरेटर विमान परतीच्या वाटेवर चुकून बेनगाझीच्या दक्षिणेस शेकडो किलोमीटर आत जाऊन पडले. 1958 मध्ये तेल शोधणाऱ्यांना ते वरून दिसले. पुढे तिथवर माणसे पोहोचली तेव्हा त्याचा रेडिओ चालत होता आणि मशीनगनही झडत होती. वाळवंटाने पंधरा वर्षे जे राखले, ते ठिकाण ठाऊक झाल्यावर आठवण म्हणून तुकडे नेणाऱ्यांनी ओरबाडले. 1994 मध्ये अवशेष उचलून हलवले गेले तोवर विमानाची रया गेली होती.

चाचणी क्षेत्राने वाचवली त्याहून जास्त विमाने उडवली, हा आक्षेप रास्त आहे. चायना लेकवर नेलेल्या बी-29 पैकी कितीतरी खरोखरच चिंधड्या होऊन संपली. पण तुलना करायची ती पर्यायाशी, आणि त्या काळी पर्याय संग्रहालयाचा नव्हता, भट्टीचा होता. भट्टीतून काही सुटत नाही. नेम मात्र चुकतो, किंवा एखाद्या विमानाची पाळीच येत नाही. हवेपेक्षा ताबा महत्त्वाचा असतो, याचा दाखला भारतातही आहे. ब्रिटिशांनी जाताना कानपूरला टाकलेली लिबरेटर विमाने पुन्हा कुणाच्या कामी येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडून ठेवली होती. कानपूरचा पावसाळा काही मोहावीसारखा नाही. तरी हवाई दलाला बॉम्बफेकी विमाने हवी होती, म्हणून हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी 1948 पासून चाळीसच्या आसपास विमाने जुळवून उडती केली. पुण्यातून सागरी टेहळणीसाठी ती 1968 पर्यंत उडत राहिली. त्यांतलेच एक 1969 मध्ये पुण्याहून उडत ॲरिझोनातील टूसॉनच्या पिमा संग्रहालयात गेले, आणि किंगमनला जी जात हजारोंनी वितळली तिचा एक नमुना त्याच राज्याला भारताकडून मिळाला.

कुंपणाचा मुद्दा मान्य केला की सुटकेचे काम खरोखर कुठे अडते तेही उलगडते. या विमानांना ‘बेवारस’ म्हणण्याचा प्रघात आहे, तो चुकीचा आहे. सांगाड्यावर धूळ साचली तरी तो सरकारी मालमत्ताच राहतो. आत जायला परवाना लागतो, पायाखाली न फुटलेला दारूगोळा असू शकतो, आणि विमान सोडायचा अधिकार नेमका कुणाचा हे ठरायलाच वर्षे जातात. म्हणून पान्याआधी कागद चालवावा लागतो. टेक्सासमधील जुन्या विमानांच्या संस्थेने 1971 मध्ये चायना लेकवरून एक बी-29 मिळवले, काही आठवड्यांत चालू केले आणि 3 ऑगस्टला साडेसहा तासांहून अधिक उड्डाण करून घरी नेले, तेच ‘फिफी’. ‘डॉक’च्या नशिबी एवढे सरळ काम नव्हते. 1945 मध्ये विचिटाच्या कारखान्यातून निघालेले हे विमान पुढे रडारच्या कामावर होते. त्याच्या तुकडीतल्या विमानांना हिमगौरीच्या सात बुटक्यांची नावे होती, त्यांतला हा डॉक. 1956 पासून ते मोहावीत लक्ष्य म्हणून उभे होते. टोनी माझोलिनी यांनी ते 1987 मध्ये हेरले. वाळवंटातून बाहेर निघाले 1998 मध्ये. मधली अकरा वर्षे वाटाघाटीत गेली. नौदलाच्या संग्रहालयासाठी एक बी-25 विमान मिळवून, नीट करून बदल्यात द्यावे, अशीही अट पडली.

खरी दुरुस्ती त्यानंतर सुरू होते, आणि कोरड्या हवेचे कौतुक इथे बरेच ओसरते. पत्रा आणि रिव्हेट टिकलेले असतात. बाकी बहुतेक सगळे उन्हाने खाल्लेले असते. बी-29 च्या पंखांवरच्या व शेपटीवरच्या हलत्या पट्ट्यांवर कापड मढवलेले असे. त्याच्या चिंध्या होतात. टायर भेगाळतात, इंधनाच्या नळ्या आणि रबरी सील हातात घेतले की भुगा होतो, नाकाडावरची पारदर्शक तावदाने पिवळी व धुरकट पडतात. वायरिंगच्या जुड्यांत उंदीर घरटी करतात आणि त्यांच्या मुताने ॲल्युमिनियम झिजते, म्हणून जुड्याही नव्याने बांधाव्या लागतात. ‘डॉक’ 2000 मध्ये सुटे करून ट्रकांवरून विचिटाला, म्हणजे जन्मगावी परत आले. तिथल्या स्वयंसेवकांनी, त्यांत विमान कारखान्यातले निवृत्त कामगारही होते, त्यावर पुढची सोळा वर्षे काम केले. 17 जुलै 2016 ला ते पुन्हा उडाले. पहिली फेरी काही मिनिटांचीच होती. ‘फिफी’लाही मूळची राइट इंजिने पुरली नाहीत. ही इंजिने तापून पेट घेण्याबद्दल युद्धकाळापासून बदनाम होती. 2006 मध्ये विमान थांबवून, नंतरच्या जातींचे भाग जुळवून चार नवी इंजिने घडवली, तेव्हा 2010 मध्ये ते पुन्हा आकाशात गेले.

इतके बदलल्यावर ते जुने विमान उरले का? हा प्रश्न प्रामाणिक आहे. मात्र ही विमाने सेवेत असतानाही त्यांची इंजिने व टायर सतत बदलत होते. न बदलणारे यंत्र उडत नाही. दोष बदलात नसतो, बदलाची नोंद न ठेवण्यात असतो. 2012 मध्ये इजिप्तच्या वाळवंटात सापडलेले ब्रिटिश किटीहॉक विमान जसेच्या तसे राखता आले असते. त्याऐवजी ते एल अलामेनच्या संग्रहालयात नवा रंग फासून मांडले गेले, आणि 1942 पासून उन्हावाऱ्याने त्यावर जे लिहिले होते ते पुसले गेले. देवळाच्या जीर्णोद्धारात काळ्या पाषाणावर ऑइलपेंट चढवण्याचाच हा प्रकार. उडवण्याच्या धोक्याचा आक्षेप याहून जड आहे. 2019 मध्ये कनेटिकटमध्ये बी-17 कोसळून सात जण गेले. 2022 मध्ये डॅलसच्या प्रदर्शनात दोन जुनी विमाने आदळून सहा जण गेले. तेव्हा ज्या जातीचे एकदोनच नमुने उरले आहेत ते उडवू नयेत, हे मान्य करायलाच हवे. 1980 मध्ये चायना लेकचे एक बी-29 इंग्लंडमधील डक्सफर्डला उडत नेले आणि मग संग्रहालयात कायमचे उभे केले, तो निर्णय शहाणपणाचा होता. बी-29 चे वीसहून अधिक नमुने जगात आहेत, म्हणून त्यांतले दोन उडावेत; अधिकांची गरज नाही.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे. याच जातीच्या विमानांनी मार्च 1945 मध्ये टोकियो जाळले आणि ऑगस्टमध्ये हिरोशिमा व नागासाकीवर अणुबॉम्ब टाकले. असे यंत्र सजवून मिरवावे का? मिरवू नये, पण राखावे. पंखांचा 43 मीटर पल्ला समोर उभा असला की ते शस्त्र केवढे होते ते कळते, आणि त्याखाली कोण होते हे सांगणारा फलक तिथेच लावता येतो. वितळवलेल्या विमानाजवळ असा फलक लागत नाही. जगात आज उडणारी बी-29 दोनच आहेत, फिफी आणि डॉक, आणि दोन्ही चायना लेकच्या कुंपणाआडून आलेली आहेत.