मोगली एरंड आणि मोगलाईतलं तेल

सरकारी कागदांत ज्या झाडाला जट्रोफा म्हणतात, त्याचं मराठी नाव मोगली एरंड. मोगलांचा या झाडाशी काडीचाही संबंध नाही. ते मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं, पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आलेलं. पण परकं, गुरं तोंड लावत नाहीत, बी विषारी. अशा झाडाला आपल्या भाषेनं 'मोगली' म्हणून टाकलं. मराठवाड्यातल्या मुसलमानाला ही सवय ओळखीची आहे. इंग्रजी मुलखातली माणसं निजामाच्या राज्यालाही मोगलाईच म्हणत. नांदेड त्या मोगलाईत होतं आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेलं लातूरही.

२००३ नंतरची काही वर्षं याच झाडाच्या जोरावर आपल्या माळरानांतून डिझेल निघेल, असं सांगितलं जात होतं. आज त्याचं कुणी नावही काढत नाही. पण डिझेलचं इंजिन आणि बियांचं तेल यांचं नातं जट्रोफापेक्षा बरंच जुनं आहे, आणि त्यात आपल्या भागाचाही हिशेब अडकलेला आहे.

दर वर्षी १० ऑगस्टला जैवइंधन दिन असतो. १८९३ साली या दिवशी रुडॉल्फ डिझेलनं शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवलं, असं त्या दिवशीच्या भाषणांत ठोकून सांगतात. ते खरं नाही. त्या दिवशी ऑग्सबुर्गला त्याच्या इंजिनात पहिल्यांदा इंधन पेटलं, एवढंच. त्यात शेंगदाणा नव्हता. शेंगदाण्याची गोष्ट १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातली आहे. तिथं ऑटो कंपनीनं एक लहान डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं. इंजिन खनिज तेलासाठी बनवलेलं होतं, त्यात काही बदल न करता ते चाललं, आणि बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ते लक्षात आलं, असं डिझेलनंच पुढे १९१२ मध्ये सांगितलं. हा प्रयोग फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून झाला होता. आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींत भुईमूग भरपूर पिकत होता. तिथलीच शेंग तिथल्याच इंजिनात घातली तर कोळसा किंवा खनिज तेल बाहेरून नेण्याची गरज नव्हती. म्हणजे 'हरित इंधना'चा पहिला विचार पर्यावरणाच्या काळजीतून आलेला नाही. तो वसाहतीच्या जमाखर्चातून आलेला आहे.

त्याच १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे नांदेडवरून सुरू झाली. १९११ मध्ये बार्शी लाईटची छोटी गाडी लातूरला पोचली. लातूरची पेठ नावारूपाला आली ती तिच्यामुळे. या गाड्यांतून कापूस गेला, तसा तेलबियांचा मालही मुंबईकडे गेला. त्या काळात मुंबईहून भुईमूग, तीळ, जवस फ्रान्समधल्या मार्सेय बंदरातल्या तेलगिरण्यांना जात असे. आपल्याकडे पिकणारा एरंड तर थेट यंत्रांसाठीच लागे. एरंडीच्या उत्पादनात हैदराबाद संस्थान देशात आघाडीवर होतं, त्यातला मोठा भाग तेलंगणातला. हे तेल जाळण्यापेक्षा वंगणाला मोलाचं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनं एरंडेलावर चालत, म्हणजे वंगण म्हणून. न जळालेलं तेल वैमानिकाच्या तोंडावर उडे. 'कॅस्ट्रॉल' हे नावही 'कॅस्टर'वरूनच पडलं. 'ओसाड गावी एरंड बळी' ही म्हण रचणाऱ्याला पुढे एरंड लढाईवर जाणार आहे हे कुठं ठाऊक होतं!

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल-डिझेलची टंचाई झाली तेव्हा भारतीय शास्त्रज्ञांनी इथल्या वनस्पती तेलांवर डिझेल इंजिनं चालवून पाहिली. त्याचा लेख १९४२ मध्ये 'गॅस अँड ऑईल पॉवर' या इंग्रजी नियतकालिकात आला. त्याच्या थोडं आधी, १९३७ मध्ये, बेल्जियममध्ये पाम तेलावर प्रक्रिया करून इंधन बनवण्याचं पेटंट झालं होतं आणि १९३८ मध्ये ब्रुसेल्सजवळ त्यावर बसही धावली. ते पाम तेल बेल्जियमच्या काँगोतलं. पुन्हा वसाहतच. युद्ध संपलं, खनिज तेल स्वस्त झालं, आणि हे सगळं कपाटात गेलं.

आता मुद्द्याचा प्रश्न. गोडेतेल टाकीत ओतलं तर गाडी चालते का? चालते. जुन्या पद्धतीचं, मायको पंपाचं इंजिन असेल तर तक्रारही न करता चालते, निदान सुरुवातीला. पण तेल डिझेलच्या दसपट किंवा त्याहूनही दाट असतं. ते नोझलमधून बारीक फवारत नाही, पूर्ण जळत नाही. नोझलच्या तोंडाशी कार्बन बसतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, अर्धवट जळालेलं तेल खाली इंजिन ऑईलमध्ये उतरतं आणि ऑईल चिकट होत जातं. तेल तापवून, सत्तर-ऐंशी अंशांवर नेऊन पातळ केलं तर त्रास कमी होतो. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून त्यातलं ग्लिसरीन वेगळं काढलं तर उरतं ते बायोडिझेल. त्याचा दाटपणा डिझेलच्या जवळ जातो.

इथं एक शब्द मला फार आवडतो. फारसीत रोगन म्हणजे तेल. मराठीत आल्यावर त्याचं रोगण झालं आणि अर्थ झाला लाकडाला लावायचं व्हार्निश. दोन्ही अर्थ बरोबर आहेत. करडई-जवसासारखी तेलं हवेत आणि उष्णतेत आपोआप घट्ट होऊन त्यांचा पापुद्रा बनतो. पेशावरकडचे कारागीर करडईचं तेल तासन्‌तास उकळून त्याचं घट्ट रोगन करत आणि कापडावर नक्षी काढत. तेच रोगन इंजिनाच्या आत तयार झालं की मिस्त्री डोक्याला हात लावतो. अमेरिकेत नॉर्थ डकोटामध्ये १९८० च्या दशकात डिझेलमध्ये २५ टक्के सूर्यफूल तेल मिसळून इंजिनं चालवली, तेव्हा नोझल आणि रिंगांचा हाच त्रास निघाला. ओलिक आम्ल जास्त असलेल्या वेगळ्या जातीच्या करडईचं तेवढंच मिश्रण मात्र २०० तासांच्या कसोटीला उतरलं. आपल्या रानातली नेहमीची करडई त्या जातीची नाही. तिच्या तेलात घट्ट होणारं लिनोलिक आम्ल तीन चतुर्थांशाच्या आसपास असतं.

माझे एक मामू नांदेडला पंप-नोझलचं काम करत. त्यांच्याकडे काळीपिवळ्या जीप यायच्या त्या रेशनचं रॉकेल मिसळून एलिमेंट घासून गेलेल्या. गोडेतेल घातलेली एकही गाडी त्यांनी आयुष्यात पाहिली नाही. त्याचं कारण इंजिनात नाही, बाजारात आहे. आपल्याकडे खायचं तेल डिझेलपेक्षा नेहमीच महाग राहिलं. युरोपात उलट झालं. तिथं डिझेलवर कर एवढा चढला की दुकानातलं स्वयंपाकाचं तेल त्यापेक्षा स्वस्त पडू लागलं. २००२ मध्ये वेल्समधल्या लानेली गावात लोक कर चुकवून गाड्यांत तेल घालू लागले आणि पोलीस गाड्यांच्या धुराचा भज्यांसारखा वास घेत त्यांना पकडू लागले. नांदेडात एवढी चैन परवडणार कुणाला?

म्हणून इथं खाद्यतेलाऐवजी अखाद्य तेलाचा मार्ग निघाला, आणि मोगली एरंड पुढे आला. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्सप्रेस पाच टक्के बायोडिझेल मिसळून चालवली गेली. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं अहवाल दिला: चार लाख हेक्टरवर प्रात्यक्षिक आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण. त्यासाठी एक कोटी हेक्टरहून जास्त जमीन लागणार होती. ही जमीन कुठली? तर 'पडीक'. मराठवाड्यात कुठल्याही गावाला जाऊन पडीक जमीन दाखवा म्हटलं तर लोक गायरान दाखवतील. त्यावर कुणाच्या शेळ्या चरतात, कुण्या भूमिहीनानं चार तासं ज्वारीची काढलेली असतात. नकाशावर ओसाड दिसणारी जमीन गावात कधीच ओसाड नसते. त्या योजनेतला मला सगळ्यात खटकणारा शब्द हाच आहे.

आणि झाडानंही साथ दिली नाही. महाराष्ट्राला हे आधीच कळायला हवं होतं. नाशिकला विनायकदादा पाटलांच्या पुढाकारानं वनशेती करणाऱ्या शेतकऱ्यांनी १९८६ पासूनच मोगली एरंड लावून पाहिला होता. उत्पन्न अपेक्षेच्या जवळपासही आलं नाही आणि शेतकऱ्यांनी झाडं काढून टाकली. पाण्याविना जगणारं झाड पाण्याविना फळत नाही, ही साधी गोष्ट देशानं पुन्हा एकदा, मोठ्या खर्चानं शिकून घेतली. पेंड विषारी, म्हणून गुरांना घालता येत नाही. बिया खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या अजूनही अधूनमधून येतात. तेल कंपन्यांनी २००६ पासून बायोडिझेलला लिटरमागे २५ रुपये भाव देऊ केला. तेवढ्यात ते बनतच नव्हतं. २००९ च्या धोरणात २० टक्क्यांची मुदत २०१७ वर गेली, २०१८ च्या धोरणात उद्दिष्टच पाच टक्क्यांवर आणि मुदत २०३० वर. प्रत्यक्ष मिश्रण एका टक्क्यालाही शिवलेलं नाही. एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतात ते हेच.

ज्याच्याकडून काही शिकावं तो प्रयोग आपल्या अगदी शेजारी झाला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले उडिपी श्रीनिवास करंजाच्या तेलावर इंजिनं चालवत होते. ती कल्पना आदिलाबादच्या आदिवासी वस्त्यांत आली आणि करंजेलावर जनरेटर लावून घरांत दिवे पेटले. आपला किनवट तालुका १९५६ पर्यंत त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. जंगल तेच, करंज तेच. तिथल्या पॉवरगुडा गावच्या बचत गटातल्या बायकांनी करंज लावला, गावातच तेल काढलं. त्या तेलानं वाचणाऱ्या १४७ टन कार्बन डायऑक्साइडपोटी २००३ मध्ये जागतिक बँकेनं त्यांना ६४५ डॉलर दिले. रक्कम लहान आहे. पण झाड गावाचं, घाणा गावाचा, दिवाही गावाचाच. पॅरिसपासून सुरू झालेल्या या इतिहासात असं उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

दरम्यान लातूर-नांदेडची रानं सोयाबीननं भरली. करडई, जवस मागे पडले. सोयाबीनला तेलबी म्हणायचं, पण तेल निघतं शंभर किलोला अठराच्या आसपास. बाकी पेंड, आणि ती कोंबड्यांना. एवढ्या तेलबियांच्या मुलखात कढईत मात्र पामतेल. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं आणि त्यात इंडोनेशियाचं पाम मोठं. त्या इंडोनेशियानं २०२० पासून डिझेलमध्ये ३० टक्के पामचं बायोडिझेल सक्तीचं केलं, पुढे ते ४० टक्क्यांवर नेलं. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी पामतेलाची निर्यात तीनेक आठवडे बंदच केली. आपल्या घरातल्या बायकांनी तेलाच्या पिशवीचा भाव विचारून पिशवी परत ठेवली ते याच सुमारास. जकार्तातला ट्रक आणि नांदेडातली कढई आता एकाच झाडाच्या तेलावर चालतात, आणि ट्रकवाल्याला सरकारचा हुकूम पाठीशी आहे.

कुणाच्या ताटातलं न काढता गाडीत घालता येईल असं तेल एकच: तळून उरलेलं. रमजानच्या संध्याकाळी भजी-समोशांच्या गाड्यांवर कढईच्या तळाशी जे काळं तेल उरतं, ते गाळून त्याचं चांगलं बायोडिझेल होतं. ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की तेल पुन्हा वापरायचं नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम जुलै २०१८ पासून आहे, आणि असं तेल गोळा करून बायोडिझेलला द्यायची योजनाही त्याच वर्षी आली. तेलाची नोंद ठेवायचं बंधन मात्र रोज ५० लिटरहून जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांवर आहे. आपल्या गाडेवाल्याचं काम एका डब्यात भागतं. उरलेलं तो दुसऱ्या दिवशीच्या ताज्या तेलात ओततो.