त्वचाविक्षत
त्वचेच्या एखाद्या भागाचा रंग, उंची वा पोत भोवतालच्या त्वचेहून वेगळा झाल्यास त्या भागास त्वचाविक्षत म्हणतात. सपाट व केवळ रंगाने वेगळा दिसतो तो डाग. तो सुमारे १ सेंटिमीटरहून मोठा असल्यास चट्टा. लहान, घट्ट उंचवटा म्हणजे पुटकुळी. आत पाण्यासारखा द्रव असल्यास फोड. पित्ताच्या गांधी सहसा २४ तासांत खूण न ठेवता विरतात, जरी दुसरीकडे नव्या उठत असल्या तरी. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबता येत नाही. स्पर्शही तपासावा लागतो. फिकट वा तांबूस चट्ट्यावरील संवेदना हरपणे हे कुष्ठरोगाचे प्रमुख लक्षण आहे. असा चट्टा बहुधा दुखत वा खाजत नसल्याने दुर्लक्षिला जातो.