गिरणगावातील कबड्डी : पकडपटूंची परंपरा

परळ, लालबाग, नायगाव, भोईवाडा, शिवडी इ. मुंबईच्या गिरणी-वस्त्यांत विसाव्या शतकात रुजलेल्या कबड्डीतील बचावाचा खेळ व तो खेळणाऱ्यांची कारकीर्द. कबड्डीच्या प्रत्येक संघात सात खेळाडू असतात. दम घेऊन अंगणात शिरलेल्या चढाईपटूस मध्यरेषेकडे परतू न देणे, हे पकडपटूचे मुख्य काम होय. कडेचे कोपरारक्षक प्रायः घोटा वा मांडी धरतात; मध्यरक्षक परतीची वाट अडवतात; तर हात गुंफलेले जोडीदार साखळीने वेढा घालतात. पकड यशस्वी होण्यास सर्वांची अचूक साथ लागते. म्हणूनच चढाईपटूचे नाव प्रेक्षकांच्या तोंडी राहते, पकडपटूचे क्वचितच.

महाराष्ट्रात हा खेळ पूर्वी हुतूतू या नावाने ओळखला जाई. साताऱ्यातील क्रीडाप्रेमींनी १९१८ मध्ये त्याच्या नियमांना आकार दिला. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियमबद्ध सामने भरविले. बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी (१९३६) अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याची प्रात्यक्षिके दाखविली. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली व १९५२ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा मद्रास येथे झाली. पुढील प्रसारात शंकरराव (बुवा) साळवी यांचा वाटा मोठा आहे. गामिनी, अमर व संजीवनी या तीन प्रकारांपैकी संजीवनी रूढ झाल्याने पकडीचे मोल वाढले. कारण तीत एका पकडीने प्रतिपक्षाचा गडी बाद होतो आणि आपला बाद झालेला गडी पुन्हा मैदानात येतो.

कोकण व घाटमाथ्यावरून आलेल्या कामगारांना हा खेळ सोयीचा ठरला. त्यास साहित्य लागत नसे. चाळीपुढील मोकळी जागा व थोडी माती पुरे. पाळी सुटल्यावर सराव चाले आणि व्यायामशाळा व क्रीडामंडळे संघ उभे करीत. शहरातील स्पर्धा श्रेणीवार भरत. बहुसंख्य पकडपटूंची कारकीर्द द्वितीय व तृतीय श्रेणीतच सरे. त्यांच्या दृष्टीने चषकाहून नोकरी मोलाची होती. गिरण्या, कारखाने व कचेऱ्या यांच्या संघांसाठी व्यावसायिक गटाचे सामने होत आणि भरवशाच्या कोपरारक्षकास त्यायोगे कायम कामाची आशा धरता येई. १९५३ च्या कायद्यान्वये अस्तित्वात आलेल्या कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धांनीही या खेळाडूंना व्यासपीठ दिले.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार सामील होते. संपानंतर अनेक गिरण्या क्रमाक्रमाने बंद पडल्या आणि खेळ व रोजगार यांना जोडणारा जुना दुवा तुटला. बँका, रेल्वे, पोलीस व बंदर यांचे संघ टिकले. परंतु तेथील जागा मोजक्या असल्याने त्या प्रामुख्याने वरच्या श्रेणीतील खेळाडूंना मिळत. खालच्या श्रेणीतील पकडपटूस दुखावलेला गुडघा वा खांदा घेऊन मिळेल त्या रोजगाराकडे वळावे लागले. गिरण्यांच्या जमिनींवर उंच इमारती आल्या, तशा मोकळ्या जागाही घटल्या.

बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत (१९९०) कबड्डीचा पदकांसाठी समावेश झाला व भारताने सुवर्णपदक मिळविले. मातीची जागा हळूहळू मॅटने घेतली. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. तीन वा त्याहून कमी बचावपटू मैदानात असताना केलेल्या पकडीस एक जादा गुण देणाऱ्या ‘अव्वल पकडी’च्या नियमाने बचावाकडे लक्ष वेधले. २०१५ च्या विजेत्या यू मुम्बा संघात मुंबईचे विशाल माने हे मध्यरक्षक होते. लीगमुळे निवडक पकडपटूंना मानधन व प्रसिद्धी लाभली. तथापि स्थानिक श्रेणींत खेळणाऱ्या असंख्य खेळाडूंना गिरणीने एकेकाळी जो आधार दिला होता, त्याची जागा तिला भरून काढता आलेली नाही.