दोन रुपयांवरची सही

गेल्या शनिवारी आजीची ट्रंक आवरायला काढली, तर पोथीच्या पानांत दोन रुपयांची जुनी नोट सापडली. सहाव्या जॉर्जचं चित्र, टाचणीची भोकं आणि मधोमध पिवळी पडलेली सेलोटेप. टेप ही माझीच करामत! सातवीत असताना फाटलेली नोट मीच 'दुरुस्त' केली होती.

संध्याकाळी सीताबर्डीवरच्या एका जुन्या नाण्या-नोटांच्या दुकानात ती घेऊन गेलो. काका बघताच म्हणाले, "काऊन लावली हो टेप? अर्धी किंमत गेली न बाप्पा!" भोकांबद्दल मात्र काहीच बोलले नाहीत. त्या काळी बंडलं टोचूनच ठेवत, त्यामुळे भोकं बहुतेक नोटांना असतातच. मग म्हणाले, "चित्र सोडा, सही पाहा."

सही होती सी. डी. देशमुखांची!

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर नोट तीच, व्हर्जन वेगळं. अमेरिकेने १९२९ मध्ये आपल्या नोटांचा आकार लहान केला. त्या सुरुवातीच्या लहान नोटा जमवणारेसुद्धा सिरीज, सही आणि सील बघूनच दुर्मिळ कोणती ते ठरवतात. आपल्याकडेही तेच.

रिझर्व्ह बँकेची पहिली नोट जानेवारी १९३८ ची, पाच रुपयांची. त्यावर गव्हर्नर जेम्स टेलर यांची सही. आधीचे, म्हणजे पहिलेच गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांना एकाही नोटेवर सही करायला मिळाली नाही. दोन रुपयांची नोट आली ३ मार्च १९४३ ला, महायुद्धाच्या धामधुमीत. तिच्यावरही आधी टेलरच होते. पण टेलर त्याआधीच, फेब्रुवारीत वारले होते! ऑगस्टमध्ये देशमुख गव्हर्नर झाले. पहिले भारतीय गव्हर्नर. राजा इंग्लंडचा आणि सही महाडजवळच्या नाते गावात जन्मलेल्या माणसाची. आयसीएस झाल्यावर त्यांची नोकरी आपल्याच मध्य प्रांत व वऱ्हाडात झाली, आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर.

खरी गंमत पुढे आहे. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे स्वतःच्या नोटा नव्हत्या. ३० जून १९४८ पर्यंत त्यांचं चलनही आपली रिझर्व्ह बँकच सांभाळत होती. नाशिकच्या छापखान्यात भारतीय नोटांवरच इंग्रजी आणि उर्दूत 'पाकिस्तान सरकार' अशा अर्थाचे शब्द छापले गेले आणि एप्रिल १९४८ पासून त्या तिकडे चालू लागल्या. दोन रुपयांच्या नोटेवर सही तीच, देशमुखांची. नव्या देशाच्या पहिल्यावहिल्या पैशावर मराठी माणसाची सही! संग्राहक आज याच नोटांच्या मागे असतात.

काकांनी माझी नोट उजेडात धरली तेव्हा मी श्वास रोखून ते उर्दू शब्द शोधत होतो. नव्हते. साधीच नोट, आणि वर टेप. काकांनी देऊ केलेल्या पैशांत दोघांचं जेवणही झालं नसतं.

विकली नाही. युद्धाच्या महागाईत दोन रुपयांत घरात बरंच काही आलं असतं, तरी कुणीतरी ती खर्च न करता पोथीत जपून ठेवली. का, ते विचारायला आता आजी नाही. आजीला ते मी कधी विचारलंच नाही, टेप लावताना सुद्धा.

असो. तुमच्याही घरी एखाद्या पोथीत अशी नोट निघाली तर आधी सही पाहा. घरात कुणी वडीलधारं असेल तर नोटेची गोष्ट विचारून घ्या. आणि हो, टेप लांब ठेवा!