सुरमा, शिसे आणि स्कूटर

माझ्या आईची पितळी सुरमादाणी अजून घरात आहे. सणाच्या सकाळी ती आम्हा भावंडांच्या डोळ्यांत सळईने सुरमा घालायची. अरबीत सुरम्याला ‘कुह्ल’ म्हणतात. ‘अल-कुह्ल’ म्हणजे अगदी वस्त्रगाळ पूड. हा शब्द युरोपात गेला, तिथल्या किमयागारांनी तो कोणत्याही पदार्थाच्या शुद्ध अर्काला लावला आणि शेवटी तो दारूच्या अर्कालाच चिकटून बसला. अल्कोहोल हा शब्द असा सुरमादाणीतून निघालेला आहे. कॉलेजात असताना मला याची भारी गंमत वाटायची. पुष्कळशा सुरम्यात शिशाचे खनिज असते, हे नंतर वाचले आणि गंमत जरा कमी झाली.

शिसे आणि अल्कोहोल यांची पुढची गाठ पडली ती अमेरिकेत, मोटारीच्या इंजिनात.

इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते. ठिणगी पडली की ते मिश्रण पेटावे आणि ज्योत शिस्तीत पसरावी. पण पेट्रोल हलके असेल तर ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपसूक भडकते. मग इंजिन ठकठक वाजते, ताकद जाते, पिस्टनची नासाडी होते. जनरल मोटर्सच्या डेटन गावच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली नावाचा इंजिनिअर यावर औषध शोधत होता. अल्कोहोल मिसळले की ठोके थांबतात, हे त्याला पक्के ठाऊक होते. तरीही ९ डिसेंबर १९२१ रोजी सापडलेले शिशाचे एक संयुग, टेट्राइथाइल लेड, बाजी मारून गेले.

का? अल्कोहोल कोणीही शेतकरी गाळू शकतो, त्यावर पेटंट मिळत नाही. शिवाय ते पेट्रोलच्या दहा-वीस टक्के घालावे लागते, म्हणजे तेवढे पेट्रोल कमी खपणार. शिसे मात्र गॅलनला चार-दोन ग्रॅम पुरते आणि त्याचे पेटंट घेता येते. १९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलने मिळून कंपनी काढली. नाव ठेवले ‘इथाइल’. शिशाचा उच्चारही नाही! गंमत अशी, की अल्कोहोलचे शास्त्रीय नाव इथाइल अल्कोहोल. हरलेल्याचे नाव जिंकलेल्याने लावले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन, हातपाय झाडत मेले. महिनाअखेरीस मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतले, त्याचा वास घेतला आणि काही होत नाही असे सांगितले. त्याला स्वतःला आदल्याच वर्षी शिशाची बाधा होऊन विश्रांती घ्यावी लागली होती. ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी जाहीर विरोध केला. विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. पुढची कित्येक दशके जगभरच्या रस्त्यांवर शिशाचा धूर पसरत राहिला. शिसे मुलांच्या मेंदूला बाधते. आपल्याकडे शिसे मिसळलेले पेट्रोल २००० साली बंद झाले, जगात सर्वांत शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये.

आपल्याकडची कथा आणखी मजेची आहे. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्यासाठी भारताने १९४८ मध्येच पॉवर अल्कोहोलचा कायदा केला होता. तो रद्द झाला २००० साली, म्हणजे शिसे गेले त्याच वर्षी. आणि लगेच २००१ मध्ये पाच टक्के इथेनॉलचे प्रयोग सुरू झाले! तीन ठिकाणी, त्यातली दोन आपली, मिरज आणि मनमाड. साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास ज्यांच्या ओळखीचा आहे, त्यांच्याच भागात त्या मळीचा अर्क पेट्रोलच्या टाकीत उतरला. २००३ मध्ये नऊ राज्यांत मिश्रण लागू झाले, मळी कमी पडल्यावर अडखळले, पुन्हा चालू लागले. २०२२ मध्ये दहा टक्के झाले आणि २०२५ मध्ये वीस.

माझा संबंध आला तो स्कूटरमुळे. पावसाळ्यात महिनाभर स्कूटर झाकून ठेवली आणि नंतर ती चालूच होईना. तिरकी केली, चोक ओढला, किका मारून पाय दुखला. मेकॅनिकने टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढले. “सर, खाली काय बसलंय बघा.” तळाशी एक वेगळा थर होता. इथेनॉल पाण्याला जवळ करते. पाणी फार झाले की पेट्रोलला सोडून त्याच्यासह तळाला बसते आणि नळी तळाशीच असते.

पण त्याच स्कूटरच्या धुराचा हिशेब उलटा निघतो. कार्ब्युरेटर बिचारा आंधळा. ठरलेल्या छिद्रातून ठरलेले इंधन सोडतो, हवा पुरते की नाही पाहत नाही. म्हणून छोट्या इंजिनातून अर्धवट जळालेला विषारी कार्बन मोनॉक्साइड फार निघतो. इथेनॉलच्या वजनात एक तृतीयांशाहून अधिक ऑक्सिजन असतो. तो आतूनच हवेची उणीव भरून काढतो. नीती आयोगाने २०२१ मध्ये छापलेल्या अहवालात वीस टक्के मिश्रणाने दुचाकींचा कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर आणि मोटारींचा तीस टक्क्यांनी कमी आल्याची नोंद आहे. ॲसिटाल्डिहाइड मात्र वाढते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे काही नक्की नाही, इंजिनागणिक बदलते. २०२० नंतरच्या गाड्यांत इंधन मोजून सोडणारी यंत्रणा आणि ऑक्सिजन ओळखणारा सेन्सर असल्याने तिथे हा फायदा कमी दिसतो. म्हणजे इथेनॉलचा खरा उपकार जुन्या, गरिबाच्या गाडीवर, आणि रबरी नळ्या फुगण्या-चिरण्याचा त्रासही तिलाच. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, त्यामुळे ॲव्हरेजही थोडे घटते.

त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. मिरजेच्या पश्चिमेला कृष्णाकाठचा ऊस आणि पूर्वेला जतसारखा टँकरची वाट पाहणारा तालुका असताना हा आकडा मला पीयूसीच्या कागदावर कधी दिसत नाही. तिथे फक्त नळीतून बाहेर आलेले मोजतात.