तापी खिल्लार गेला कुठे?

गेल्या आठवड्यात बातमीसाठी शहाद्याकडच्या एका गावात गेलो होतो. ओट्यावर एक आबा बसलेले, समोर दावणीला एकच बैल. अंगाने पांढराशुभ्र, पण नाक आणि खूर गाजरासारखे तांबूस. विचारलं, "आबा, कोणत्या जातीचा?" आबा म्हणे, "घरना शे भाऊ." कानातल्या बारा आकडी बिल्ल्याच्या नोंदीत जातीपुढे 'गावठी' लिहिलेलं.

घरी येऊन जुनं वाचन काढलं. १९५३ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने भारत-पाकिस्तानातल्या गाईबैलांवर एक जाडजूड पुस्तक काढलं, जोशी आणि फिलिप्स यांचं. त्यात खिल्लारचे चार प्रकार दिलेत. औंध संस्थानातल्या आटपाडी महालाचा, म्हसवडचा, नकली आणि चौथा तापी खिल्लार. हा चौथा पश्चिम खानदेशातल्या सातपुड्याच्या पट्ट्यातला, म्हणजे आपला. खूण काय दिलीय? रंग पांढरा, नाक गाजरी, खूर गाजरी. आबांचा बैलच डोळ्यांसमोर उभा राहिला!

या प्रकाराचं दुसरं नाव थिल्लारी, गुरं पाळणाऱ्या धंदेवाईक लोकांवरून पडलेलं. आपल्याकडे साक्री-नंदुरबार पट्ट्यात ठेलारी आजही फिरतात. आता त्यांच्याकडे मेंढरंच जास्त दिसतात. 'खिल्लार' म्हणजे मुळात कळप. थोडक्यात, जातीचं नाव कळपावरून आणि पाळणाऱ्यांवरून पडलं, सरकारी कागद नंतर आला.

जातीचा कागद तयार करताना दोन गोष्टी लागतात. जनावर दिसावं कसं, हे एक. त्याने करायचं काय, हे दुसरं. खिल्लारचं दिसणं ठरलेलं आहे: लांब निमुळतं तोंड, कपाळावर मधोमध खाच, शिंगं मुळाशी जवळजवळ, आधी मागे जाऊन मग डौलात वर वळलेली. काम कोणतं, तर ओढ आणि वेग. दूध कधीच मोजलं गेलं नाही. गोऱ्ह्याला आईचं सगळं दूध पाजायचे, कालवडीकडे तेवढं लक्ष नसायचं. आज ऐकायला विचित्र वाटतं, पण मोट, नांगर आणि गाडी बैलावर होती तेव्हा हा चोख हिशेब होता.

हिशेब बदलला की जात बदलते. इंग्लंडात अठराव्या शतकात रॉबर्ट बेकवेलने लाँगहॉर्न गाई मांसासाठी सुधारल्या, जवळच्या नात्यात संकर करून. चरबी वाढली, पण दूध आणि वेत घटलं. पुढे शॉर्टहॉर्न आली आणि लाँगहॉर्न मागे पडली. अमेरिकेत टेक्सास लाँगहॉर्न इतकी घटली की १९२७ साली तिथल्या काँग्रेसने ती वाचवायला ३,००० डॉलर दिले. ओक्लाहोमातल्या अभयारण्यात कळप ठेवला. आता तिथे ही जात टिकली आहे, पण हौशी लोक शिंगांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी मोजत बसतात. आपल्याकडेही पोळ्याला शिंगं साळून रंगवली की बैल देखणा वाटतो, तो भाग वेगळा.

आपल्याकडे लिनलिथगोंच्या अध्यक्षतेखाली शेती आयोग १९२६ ते २८ मध्ये बसला. हेच लिनलिथगो १९३६ साली व्हाइसरॉय झाले आणि गावोगावी वळू देण्याचं आवाहन करू लागले. स्वातंत्र्यानंतर ट्रॅक्टर आला, जर्सी-होल्स्टीनची कांडी आली, दूध हेच ध्येय झालं. २०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी दिली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने कायदा मान्य केला. शर्यतीमुळे खिल्लारला पुन्हा भाव आला हे खरं. पण तो भाव कोणत्या खिल्लारला? सातारा-सांगलीकडच्या, धावणाऱ्या. तापीकाठच्या काळ्या जमिनीत दिवसभर औत ओढणाऱ्या बैलाला शर्यतीत कोण विचारतो?

माझी तक्रार इथेच आहे. कागदावर खिल्लार ही एकच जात. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, पण आपल्या जनावराची वेगळी नोंद करावी असं तेव्हाही कुणाला सुचलं नाही आणि आताही नाही. ज्याला खिल्लारच्या नावाखाली जागा मिळायला हवी, तो 'गावठी' म्हणून भरला जातो. गावठी म्हटलं की परक्या जातीची कांडी भरायला कुणाची हरकत नसते, आणि दोन-तीन पिढ्यांत गाजरी नाक दिसेनासं होतं.

आबांचा बैल खच्ची केलेला आहे, त्याच्यापासून पुढे काही होणार नाही. त्याची आई कुठून आणली विचारलं, तर म्हणे खेतियाच्या बाजारातून, पंधरा वर्षं झाली.

शहादा, तळोदा, साक्री, शिरपूरकडच्या मित्रांनो, पांढरी गाय, गाजरी नाक, गाजरी खूर असं कुठे दिसलं तर तीन फोटो पाठवा: समोरून, बाजूने आणि खुरांचा. गावाचं नाव लिहा. वळू असेल तर आजच फोन करा.