कायद्याच्या पोटातील कायदे

जयपूर संस्थानात १९२३ सालच्या डिसेंबर महिन्यात अफूविषयी एक कायदा संमत झाला. महाराजा अल्पवयीन असल्यामुळे कारभार मंत्रिमंडळाच्या हाती होता. मंत्रिमंडळाने ठराव केला. तो दप्तरात गेला आणि तेथेच राहिला. तो राजपत्रात छापला गेला नाही की अन्य रीतीने लोकांच्या कानी घालण्यात आला नाही. पुढे १९३८ मध्ये त्याच कायद्यात दुरुस्ती करून तो १ सप्टेंबर १९२४ पासून अंमलात असल्याचे लिहिण्यात आले. या कायद्याखाली हरला नावाच्या इसमास ५० रुपये दंड झाला. त्याने दाद मागितली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५१ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निर्णय लिहिला. हे बोस नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. जो कायदा प्रजेला कळविलाच नाही त्याच्या भंगाबद्दल तिला शिक्षा करणे नैसर्गिक न्यायास सोडून आहे, असा त्यांच्या निर्णयाचा आशय. हरला सुटला.

संस्थानी अमदानीतील एक चमत्कारिक गोष्ट म्हणून या प्रकरणाकडे पाहून चालणार नाही. आधुनिक राज्यात कायद्याचा फार मोठा भाग संसदेत घडतच नाही. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने भेसळ हा अपराध ठरविला. परंतु कोणत्या दुधात किती स्निग्धांश असला म्हणजे ते शुद्ध समजावे, हे १९५५ च्या नियमांनी ठरविले. हे नियम संसदेने नव्हे, सरकारने केलेले. गवळ्याला तुरुंगात धाडायचे की नाही, हे कायद्याच्या भव्य उद्देशापेक्षा नियमांच्या परिशिष्टातील एका आकड्यावर अवलंबून होते. हे दुय्यम विधान टाळता येत नाही. संसदेला तितका वेळ नाही, आणि दुधाच्या पृथक्करणाची चर्चा पाचशे सभासदांनी करावी अशी कोणाची अपेक्षाही नाही. प्रश्न एवढाच की, संसदेने दिलेल्या अधिकाराने सचिवालयात जे लिहिले जाते, ते नंतर वाचतो कोण?

इंग्लंडमध्ये या प्रश्नाला तोंड फुटले ते १९२९ मध्ये, सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांच्या ग्रंथामुळे. सरकारी खात्यांच्या या वाढत्या सत्तेला त्यांनी ‘नवी जुलूमशाही’ असे नाव दिले. चौकशीसाठी नेमलेल्या डोनोमोर समितीने १९३२ मध्ये अहवाल दिला आणि पार्लमेंटने नियमांच्या छाननीची व्यवस्था करावी असे सुचविले. अहवाल बारा वर्षे पडून राहिला. त्याच १९३२ साली ऑस्ट्रेलियाच्या सेनेटने मात्र अशी समिती नेमूनही टाकली. इंग्लंडच्या कॉमन्स सभेने १९४४ च्या जूनमध्ये, महायुद्ध चालू असता, समिती नेमली, आणि त्याच वर्षी एक विलक्षण प्रकार उजेडात आला. राष्ट्रीय अग्निशामक दलाचे १९४१ पासूनचे नियम, कायद्याची आज्ञा असूनही, पार्लमेंटपुढे ठेवलेच गेले नव्हते. लंडनवर बाँब पडत असता जे दल आगी विझवीत होते, त्याच्याच नियमांची ही गत! गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांना आपल्या खात्यास दोषमुक्त करणारा स्वतंत्र कायदा त्यासाठी मंजूर करून घ्यावा लागला.

भारतात ही कल्पना मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. १९५० मध्ये हंगामी संसदेपुढे दिल्लीच्या रस्ता वाहतूक प्राधिकरणाचे विधेयक होते. विधेयक तसे किरकोळ. परंतु त्यात नियम करण्याचे अधिकार सरकारला दिलेले असल्याने आक्षेप निघाले. त्या वेळी कायदेमंत्री या नात्याने डॉ. आंबेडकरांनी सुचविले की, सरकारने केलेले नियम संसदेच्या मूळ हेतूपलीकडे जातात काय हे पाहणारी एक स्थायी समिती असावी. स्वतः सरकारात बसलेल्या मंत्र्याने सरकारवर पहारा बसविण्याची सूचना करावी, हे विरळाच. ही सूचना पुढे नेली सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांनी. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे, जन्म वडोद्याचा, वकिली अहमदाबादेची. आणि आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली तीही वडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून. वडोदेकर वाचकांनी या योगायोगाचा अभिमान बाळगला तर त्यात वावगे नाही.

लोकसभेची ही समिती १ डिसेंबर १९५३ रोजी अस्तित्वात आली. आरंभी तिचे सभासद दहा होते, पुढे पंधरा झाले. मंत्र्याला तीत जागा नाही. पहिले अध्यक्ष कलकत्त्याचे बॅरिस्टर निर्मलचंद्र चॅटर्जी, हिंदुमहासभेचे म्हणजे विरोधी पक्षाचे सभासद. मावळंकरांनी केलेली ही निवड समितीच्या प्रकृतीला मानवणारी होती.

नियमामागील धोरण चांगले की वाईट हा प्रश्न समिती आपला मानीत नाही. नियमाने अधिकाराची मर्यादा ओलांडली काय, परवानगी नसता मागील तारखेपासून अंमल दिला काय, कर बसविला काय, न्यायालयाचा दरवाजा बंद केला काय, प्रसिद्धीस विनाकारण विलंब झाला काय, असे तिचे प्रश्न. यांच्या अखेरीस एक साधासा दिसणारा प्रश्न आहे: नियमाच्या रचनेला वा अर्थाला काही खुलाशाची गरज आहे काय? वकिलांचे लक्ष अधिकारमर्यादेच्या प्रश्नांकडे वेधते, ते स्वाभाविक आहे. परंतु सामान्य माणसाच्या दृष्टीने हा शेवटचा प्रश्नच सर्वांत मोलाचा मानावा लागेल. अधिकारमर्यादेचा वाद न्यायालयात नेता येतो. नियम समजत नाही, एवढ्याच कारणासाठी कोणी न्यायालयात जात नाही. तो मुकाट्याने कारकुनाचे म्हणणे ऐकतो.

समितीचे या बाबतीतील काम मुनिमाच्या कामासारखे बारीक आहे. मोघम शब्दांना तिने हरकती घेतल्या. अधिकाऱ्याला सवलत नाकारण्याची मुभा असेल तर त्याने कारणे लेखी नोंदवावीत असा आग्रह धरला. कोणत्या कलमाच्या आधारे नियम केला ते त्यातच नमूद असावे, हेही तिचे सांगणे. आज राजपत्रातील दुरुस्तीच्या अधिसूचनेखाली बहुधा एक टीप असते: मूळ नियम अमुक क्रमांकाने अमुक दिवशी प्रसिद्ध झाले व अखेरची दुरुस्ती अमुक. ही टीप नसली की दहा दुरुस्त्या झालेला नियम म्हणजे ठिगळांवर ठिगळे लावलेली गोधडी. मूळ कापड कोणते हे तिच्या धन्यालाही सांगता येत नाही.

समितीचे हात मात्र बांधलेले आहेत. ती नियम रद्द करू शकत नाही. अहवाल देते, आणि खात्याने उत्तर द्यावयाचे असते. नियम सभागृहापुढे ३० दिवस ठेवावेत असे कायद्यांत लिहिलेले असते, परंतु ते न ठेवल्याने नियम आपोआप निरर्थक होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस एका प्रकरणात ठरविले. मॉरिसनसाहेबांना भारतात कदाचित इतका त्रास पडला नसता. शिवाय समितीची नजर पडते ती नियम अंमलात आल्यावर.

मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर घडलेली एक हकीकत येथे आठवते. भारतातून पुढे जाणाऱ्या विमानातील सोन्याची नोंद मालाच्या यादीत झालीच पाहिजे, अशी अधिसूचना ८ नोव्हेंबर १९६२ रोजी निघाली आणि राजपत्रात २४ नोव्हेंबरला छापली गेली. २७ तारखेला झुरिचहून मनिलाकडे निघालेला एक जर्मन प्रवासी दुसऱ्या दिवशी मुंबईत सापडला. त्याच्या जाकिटात ३४ किलो सोने होते. तो काही भाबडा वाटसरू नव्हता, हे उघडच आहे. परंतु प्रश्न सोन्याचा नव्हता, तीन दिवसांचा होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने दोषी ठरविले. राजपत्रातील प्रसिद्धी पुरेशी, परदेशी माणसाने ती वाचली की नाही हे पाहण्याचे कारण नाही, असे बहुमत म्हणाले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी विरोधी मत नोंदविले. शिक्षा मात्र त्याने तोवर भोगली होती तेवढीच पुरे मानण्यात आली.